नाताळचा फराळ आणि गोठा: २५ तारखेपासून मागे मोजत करायची तयारी

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की ओळखीतून तेच प्रश्न सुरू होतात. कुलकुलं दुसऱ्या दिवशी मऊ का पडली? केकमधला मेवा सगळा तळाशी कसा बसला? दोदोल बोटांना का चिकटतंय? गोठ्यातलं (येशूजन्माच्या देखाव्यातलं) गवत अजून बोटभरही का नाही? बहुतेक घरांत घोळ एकच असतो. सगळं काम २० तारखेनंतर एकदम अंगावर घेतलं जातं, आणि त्यातही क्रम चुकतो. नेवऱ्या आधी करून ठेवल्या जातात, केक मात्र २४ तारखेच्या रात्री भट्टीत जातो. खरं तर हे नेमकं उलट व्हायला हवं.

हा लेख वसई, मुंबई, गोवा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये जो फराळ होतो त्याबद्दल आहे: केक, पेराद (पेरूच्या वड्या), कुलकुलं (मैद्याच्या वळून तळलेल्या गोड गुंडाळ्या), दोदोल (नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेली मऊ वडी), नेवऱ्या (ओल्या नारळाच्या करंज्या); आणि त्याच्या जोडीला गोठा. घरोघरी पदार्थ थोडे बदलतात, क्रम फारसा बदलत नाही.

## टप्पा १: खरेदीच्या आधी कागद-पेन

क्रम ठरवण्याचा नियम सोपा आहे. जो पदार्थ मुरून चांगला होतो तो सगळ्यात आधी. जो कोरडा राहतो आणि टिकतो तो मधे. ज्यात ओला नारळ आहे तो शेवटी. या नियमाने वेळापत्रक साधारण असं बसतं:

- नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा: केकसाठी मेवा रममध्ये भिजवणे
- ५ ते १० डिसेंबर: केक भाजणे
- १४-१५ डिसेंबर: गोठ्यासाठी धान्य भिजवणे, त्याच सुमारास पेराद
- १७ ते १९ डिसेंबर: कुलकुलं
- २१ डिसेंबर: दोदोल
- २२-२३ डिसेंबर: नेवऱ्या, आणि जेवणात सोरपोतेल (डुकराचं मांस आणि कलेजीचा आंबट-तिखट रस्सा) असेल तर तेही
- २४ डिसेंबर: ताटं लावणे, गोठ्याचं शेवटचं काम. तळण नाही

२४ तारखेला तळण ठेवू नका, हे मुद्दाम सांगते. त्या दिवशी कढई चढली की घरातली एक बाई मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) डोळे मिटत जाते, आणि ती कोण असते ते सगळ्यांना माहीत असतं.

वेळापत्रकाशेजारी माणसांची नावंही लिहा. कुलकुलं वळायला किमान चार जोड्या हात लागतात, दोदोल ढवळायला दोन. ज्या दिवशी मुलांची परीक्षा किंवा कुणाची रात्रपाळी आहे त्या दिवशी ही कामं टाकू नका.

तपासा: ताटं किती घरी जाणार हे आधी मोजा. प्रमाण त्यावरून ठरतं. पंधरा ताटं असतील तर कुलकुलांसाठी दीड किलो मैदा पुरतो, आणि ताटात प्रत्येकी दोन-तीन याप्रमाणे नेवऱ्या चाळीसच्या आसपास लागतात. घरचे खाणारे यात धरलेले नाहीत.

नारळ मात्र एकदम सगळे आणू नका. दोदोलचे दोदोलच्या आदल्या दिवशी, नेवऱ्यांचे नेवऱ्यांच्या आदल्या दिवशी. महिनाभर आधी आणलेल्या नारळांतला एखादा खवट निघाला आणि तो न चाखता खवला गेला, तर सगळं सारण जातं.

## टप्पा २: मेवा भिजवणे

काळे मनुके, बेदाणे, खजूर, संत्र्याची पाकवलेली साल, चेरी, थोडं आलंपाक असं मिळून ५०० ग्रॅम घ्या. खजूर आणि साल बेदाण्याच्या आकाराची चिरा. मोठे तुकडे राहिले की पुढे केक कापताना सुरीला अडकतात आणि काप तुटतो. मेवा धुवायचा असेल तर धुवा, पण मग कापडावर पसरून पूर्ण सुकू द्या.

काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करा. मेवा भरा आणि वरून २०० ते २५० मिली काळी रम ओता. झाकण घट्ट लावा. दर दोन-तीन दिवसांनी बरणी उलटीसुलटी करा, म्हणजे वरचा मेवा कोरडा राहत नाही.

सावधान: रम न वापरणाऱ्यांनी संत्र्याच्या रसात मेवा भिजवावा, पण फक्त एक रात्र आणि तेही फ्रीजमध्ये. रसात तीन आठवडे ठेवलेला मेवा आंबतो, बरणीला फेस येतो. आखातात राहणाऱ्या आपल्या अनेक घरांत रसाचाच केक होतो आणि तो छान होतो. फक्त तो लवकर करून मुरवत ठेवता येत नाही. २१-२२ तारखेला भाजा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

उशीर झाला असेल तर? १५ डिसेंबरला जाग आली तरी बिघडत नाही. मेवा आणि रम एका पातेल्यात घालून अगदी मंद आचेवर, उकळी न आणता पाच मिनिटं कोमट करा, झाकून गार होऊ द्या आणि दोन दिवस ठेवा. हे करताना गॅस बारीक ठेवा आणि पातेल्यावर वाकून उभं राहू नका, रमची वाफ पेट घेते.

## टप्पा ३: केक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

आठ इंची साच्याला लागणारं साहित्य: लोणी २०० ग्रॅम, ब्राउन शुगर २०० ग्रॅम, अंडी ४, मैदा २०० ग्रॅम, बदाम किंवा काजूची पूड ५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, दालचिनी-लवंग-जायफळाची पूड मिळून एक चमचा, मीठ चिमूटभर, आणि भिजवलेला मेवा निथळून.

पहिलं काम कॅरमलचं. केकला काळपट रंग आणि तो किंचित कडवट वास याच्यामुळे येतो. १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच घाला आणि मंद आचेवर वितळू द्या. ढवळू नका, पातेलं हलवा. रंग मधासारखा होईल, मग लालसर, मग गडद तपकिरी. धूर निघायला लागला की लगेच गॅस बंद करा. इथे दहा सेकंद जास्त गेली तर कडू होतं. पातेलं खाली घेऊन त्यात १०० मिली गरम पाणी थोडं थोडं घाला.

सावधान: कॅरमलमध्ये गार पाणी ओतू नका. साखर उसळून हातावर येते आणि चिकटून भाजते. मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा. कॅरमल पूर्ण गार झाल्याशिवाय केकच्या मिश्रणात घालायचं नाही.

दुसरं काम साच्याचं. तळाला आणि कडेने बटर पेपरचे दोन थर लावा. केक दीड तास भट्टीत राहणार आहे. एका थरावर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो.

आता क्रमाने:

1. लोणी आणि अंडी दोन तास आधी बाहेर काढून ठेवा.
2. लोणी आणि ब्राउन शुगर हलकं, फिकट होईपर्यंत फेटा.
3. अंडी एकेक करून घाला, प्रत्येक अंड्यानंतर फेटा. मिश्रण फुटल्यासारखं दिसलं तर एक चमचा मैदा घाला, सावरतं.
4. गार कॅरमल घाला.
5. मैदा, पूड, बेकिंग पावडर, मसाला, मीठ एकत्र चाळून तीन वेळा विभागून घाला. इथून पुढे फेटायचं नाही, चमच्याने खालून वर घ्यायचं.
6. निथळलेला मेवा एक मोठा चमचा मैद्यात घोळवून शेवटी मिसळा.

मेवा तळाशी बसण्याची कारणं तीन: मेवा नीट निथळला नाही, मैद्यात घोळवला नाही, किंवा मिश्रण पातळ झालं. तपासा: चमचा भरून उलटा करा. मिश्रण दोन-तीन क्षण थांबून गोळ्याने पडलं पाहिजे. धारेने पडत असेल तर दोन चमचे मैदा वाढवा.

साचा पाऊण भरा, मध्यभागी चमच्याने किंचित खोलगा करा म्हणजे वर डोंगर येत नाही. भट्टी आधी १५० ते १६० अंशांवर तापवलेली असावी. साचा मधल्या जाळीवर. पहिला तासभर दार उघडू नका. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये वरची सळई जवळ असते, त्यामुळे वरून लवकर काळं पडतं. पाऊण तासानंतर काचेतून बघा, रंग आला असेल तर दार अर्धं उघडून पटकन वर फॉइल ठेवा आणि बंद करा. एवढा एक अपवाद. सव्वा तासाने विणायची सुई मध्यभागी खुपसा. ओलं पीठ लागलं तर अजून दहा-दहा मिनिटं.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी गल्लीतल्या बेकरीत विचारावं. मुंबई-वसईत अजूनही काही बेकरीवाले घरचं मिश्रण भट्टीत भाजून देतात. साच्यावर नाव लिहा, पण कागदावर नको, तो जळतो. तळाला बाहेरून तार बांधून खूण करा. आणि २० तारखेच्या आत जा, पुढे रांग लागते.

केक साच्यातच गार करा. कोमट असताना वरून दोन चमचे रम फिरवा. पूर्ण गार झाल्यावर आधी बटर पेपर, मग त्यावर फॉइल, मग डबा. फॉइल थेट लावू नका, मेव्याच्या आंबटपणाने ती चरते. आठवड्यातून एकदा एक-दोन चमचे रम पुन्हा. त्याहून जास्त घातली की केक ओलसर होऊन तळाशी लगदा होतो. नाताळपर्यंत कापायचा मोह आवरा. ज्यांना आवरत नाही त्यांनी त्याच मिश्रणातून एक छोटा साचा वेगळा भाजावा, हाच यावरचा उपाय.

## टप्पा ४: गोठ्यासाठी पेरणी

गोठ्याचं सामान बाजारात आयतं मिळतं, हिरवं गवत घरीच उगवावं लागतं. नवरात्रात घटाभोवती धान पेरतात त्याच रीतीचं हे काम आहे, आणि तारीख चुकली की काहीही करून भरून निघत नाही.

गहू किंवा नाचणी घ्या. गहू लवकर आणि उंच वाढतो, नाचणीचं गवत नाजूक आणि दाट येतं, गोठ्याच्या प्रमाणात शोभतं. रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड दिसले की पसरट ट्रेमध्ये बोटभर मातीवर दाट पेरा, वरून मातीचा पातळ थर. विरळ पेरलं की मधे टक्कल दिसतं.

मुंबई-वसईच्या हवेत १४-१५ तारखेला भिजवलेला गहू २४ तारखेपर्यंत चार-पाच इंच होतो. नाचणी दोन दिवस आधी घाला. पुणे, नाशिककडे थंडीमुळे उगवण मंद असते, तिथे दोन्ही अजून दोन-तीन दिवस आधी. पहिले दोन दिवस ट्रे झाकून अंधारात, नंतर खिडकीत उजेडात.

सावधान: पाणी ओतू नका, शिंपडा. पाणी साचलं की पांढरी बुरशी येते आणि वास सुटतो. गवत फार लवकर वाढलं तर ट्रे गार, कमी उजेडाच्या जागी हलवा. फार उंच झालं तर २३ तारखेला कात्रीने सारखं करा.

## टप्पा ५: पेराद

पेरूचा हंगाम असतो, त्याचा फायदा घ्या. पिकलेले, वासाचे पेरू निवडा. चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवा, गाळणीतून घासून गर काढा. एकही बी राहता कामा नये. दाताखाली आलेली एक बी पुरते. १ किलो गराला ७५० ग्रॅम साखर, दोन चमचे लिंबाचा रस. जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत राहा. शेवटी एक चमचा लोणी.

गर घट्ट होताना उकळते थेंब बाहेर उडतात. लांब दांड्याचा लाकडी कालथा घ्या आणि हाताला कापड गुंडाळा.

तपासा: गार पाण्याच्या वाटीत थेंब टाका. बोटांनी मऊ गोळी वळली आणि पातेल्यात गोळा कडा सोडत असेल तर झालं. लोणी लावलेल्या ताटात ओता, रात्रभर ठेवून वड्या कापा. हवाबंद डब्यात नाताळच्या पुढेही आरामात टिकते. घाई करून लवकर उतरवली की वडी न होता जॅम होतो. तो पुन्हा पातेल्यात घालून आटवता येतो, इतकी सवलत बाकी कुठल्याही पदार्थात नाही.

## टप्पा ६: कुलकुलं

मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, वितळवलेलं तूप ५० ग्रॅम, अंडं १, मीठ चिमूट, आणि भिजवायला लागेल तसं घट्ट नारळाचं दूध, साधारण १५० मिली.

तूप मैद्याला चोळून घ्या. मूठ दाबल्यावर मुटका होऊन राहिला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. मग अंडं, साखर, आणि नारळाचं दूध थोडं थोडं. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा.

वळणं हे खरं काम. बोराएवढी गोळी घ्या, तेलाचं बोट लावलेल्या काट्याच्या पाठीवर ठेवा आणि अंगठ्याने खालच्या टोकाकडे दाबत पसरवा. पापुद्रा पातळ व्हायला हवा, काट्याच्या रेषा त्यातून स्पष्ट उमटायला हव्यात. मग टोकाकडून सैलसर गुंडाळत आणा आणि शेवटची कड दाबून बंद करा. नवा कंगवा वापरणारेही आहेत, फक्त तो कुलकुलांखेरीज कशालाही वापरायचा नाही.

मुलांना बसवा, पण आधी दोन-तीन वळून दाखवा आणि गोळीचा आकार ठरवून द्या. एका परातीत हरभऱ्याएवढी आणि लिंबाएवढी अशी मिसळ झाली की तळताना अर्धी करपतात, अर्धी कच्ची. माझ्या मते मुलांनी वळलेली वेगळ्या ताटात ठेवून वेगळ्या घाण्यात तळावीत. त्यांना आपली ओळखून खाताही येतात.

वळलेली कुलकुलं कोरड्या फडक्याने झाकून ठेवा आणि दोन तासांच्या आत तळा. फार सुकली तर तेलात तडकतात, उलगडतात.

तळण मध्यम आचेवर. तपासा: पिठाचा कण तेलात टाका. तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांनी वर आला तर तेल योग्य. लगेच उसळला तर फार तापलंय. असं तळलं की बाहेरून रंग येतो, आत ओल राहते, आणि दुसऱ्या दिवशी कुलकुलं मऊ पडतात. मऊ पडण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण जाड पापुद्रा. तिसरं, कोमट असतानाच डबा बंद करणं.

एक घाणा आधी तळून बघा. तेलात कुलकुलं विरायला लागली तर तूप जास्त झालंय, उरलेल्या पिठात थोडा मैदा मळा. दगडासारखी झाली तर तूप कमी आहे, थोडं वितळवून मळा. सगळी वळून झाल्यावर हे कळून उपयोग नसतो, म्हणून पहिली दहा-बारा वळली की लगेच कढई चढवा.

साखरेचं वेष्टण हवं असेल तर कुलकुलं पूर्ण गार झाल्यावर. २०० ग्रॅम साखर, ८० मिली पाणी, दोनतारी पाक. कुलकुलं त्यात टाकून गॅस बंद करा आणि साखर पांढरी होऊन चिकटेपर्यंत हलक्या हाताने वरखाली करत राहा. एकतारी पाकात टाकली की ओली राहतात आणि डब्यात एकमेकांना धरून बसतात.

मऊ पडलेली, वेष्टण नसलेली कुलकुलं १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून, बाहेर पूर्ण गार केली की बऱ्यापैकी सुधारतात.

## टप्पा ७: दोदोल

दोन मोठे नारळ, माडाचा काळा गूळ ५०० ग्रॅम, तांदळाचं पीठ १२५ ग्रॅम, मीठ चिमूट, काजूचे तुकडे मूठभर. हा गूळ गोव्यात शंकूच्या आकाराच्या ढेपांत मिळतो. उसाच्या गुळाचं दोदोल होतं, पण रंग फिका आणि चव वेगळी. गोव्याहून कुणी येणार असेल तर आधीच सांगून ठेवा.

1. नारळाचं पहिलं घट्ट दूध वेगळं काढा, मग गरम पाणी घालून दुसरं पातळ दूध.
2. गूळ थोड्या पातळ दुधात विरघळवून गाळा. या गुळात कचरा, बारीक खडे असतात. हे टाळलं तर दोदोल दाताखाली कचकचतं.
3. तांदळाचं पीठ उरलेल्या गार पातळ दुधात कालवा, गुठळी राहू देऊ नका.
4. दोन्ही जाड बुडाच्या कढईत एकत्र करा आणि मगच गॅस लावा.
5. घट्ट होऊ लागलं की घट्ट दूध घाला, आणि आता कालथा थांबवायचा नाही.

पंचवीस-तीस मिनिटांत मिश्रण पिठल्यासारखं होतं. बहुतेकांची फसगत इथे होते. घट्ट झालं, रंगही आला, हात दुखायला लागले, म्हणून उतरवतात. असं दोदोल चिकट राहतं आणि दोन-तीन दिवसांत बुरसतं. अजून तासभर तरी बाकी असतं. पुढे ते जड होऊन गोळ्याने फिरू लागतं, मग चकाकी येते, मग कडेला नारळाचं तेल सुटताना दिसतं. तेल सुटलं आणि गोळा कढई पूर्ण सोडून कालथ्याबरोबर फिरला की काजू घाला. एकूण दीड ते दोन तास. दुसऱ्या माणसाचं नाव वेळापत्रकात म्हणूनच लिहायला सांगितलं होतं.

तपासा: छोटा तुकडा ताटलीत काढून गार करा, बोटाने दाबा. बोट तेलकट व्हावं, चिकट होऊ नये.

तूप लावलेल्या ताटात ओतून केळीच्या पानाने दाबून सपाट करा. दुसऱ्या दिवशी कापा. बाहेर तीन-चार दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर.

बेबिंक (थरांचा गोव्याचा केक) घरी करावं का, असं विचारणारे असतात. करू नका, विकत आणा. किमान सात थर, प्रत्येक थर वरून भाजल्यावरच पुढचा ओतायचा, मधे एक कच्चा राहिला तर सगळं वाया. ज्या घरात हे वर्षानुवर्षं होतं तिथल्या बाईशेजारी एकदा दिवसभर बसा, मग ठरवा.

## टप्पा ८: नेवऱ्या आणि सोरपोतेल

दिवाळीला करंज्या करणाऱ्यांना नेवऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. फरक सारणात: ओला नारळ, साखर, भाजलेला रवा, तीळ, बेदाणे, वेलची. नारळ साखरेबरोबर परतताना सारण सुटं, कोरडं होईपर्यंत थांबा. ओलं सारण भरलं की वाफेने नेवरी तेलात फुटते आणि मग सगळं तेल काळं होतं. सारण गार झाल्याशिवाय भरू नका, कडेला दूध लावून दाबा, मगच मुरड किंवा कातणं. २२-२३ ला केलेल्या नेवऱ्या २७ पर्यंत खाऊन संपवा. परगावी पाठवायच्या असतील तर सुक्या खोबऱ्याच्या करा.

सोरपोतेल मात्र दोन दिवस मुरल्याशिवाय चांगलं लागत नाही. २२-२३ ला शिजवा, गार झालं की फ्रीजमध्ये ठेवा, रोज एकदा पूर्ण उकळी आणा. कलेजीसकट मांस हवं असेल तर खाटकाला आठवडाभर आधी सांगा.

## टप्पा ९: २४ तारीख

सकाळी गोठा. आधी पाट, मग वायरिंग, मग गवताचे ट्रे, मग झोपडी, आणि सगळ्यात शेवटी मूर्ती. मूर्ती आधी मांडल्या की माळ ओढताना हमखास एखादा मेंढपाळ पडतो.

सावधान: दिव्यांचा जोड, प्लग पाण्याच्या ट्रेजवळ नको. सुक्या पेंढ्यावर तापणारे जुने बल्ब नकोत, एलईडी लावा. झोपताना आणि मिस्सेला निघताना प्लग काढा.

मांडताना गव्हाणी रिकामी ठेवा. मारिया, योसेफ, गाय, गाढव, मेंढपाळ बसवून घ्या. बाळ येशू रात्रीच्या मिस्सेनंतर घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातून ठेवा. तीन राजे (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले) गोठ्याच्या लांबच्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवतात, ते ६ जानेवारीला पोचतात. मिस्सेची वेळ चर्चच्या सूचनाफलकावर बघून घ्या, अनेक ठिकाणी ती आता मध्यरात्रीच्या बरीच आधी असते.

दुपारी ताटं. खाली कोरडं: कुलकुलं, नेवऱ्या. दोदोल आणि पेराद बटर पेपरच्या तुकड्यावर वेगळं. केकचा काप सगळ्यात शेवटी, गुंडाळून. दोदोलाचं तेल कुलकुलांना लागलं की दोन तासांत ती मऊ पडतात.

शेजारी कोण काय खातं ते आठवून ताट लावा. कुलकुलांत अंडं, केकमध्ये अंडं आणि रम दोन्ही. डिसेंबरात अनेकांचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, कुणाची एकादशी निघते. गुरुवार असलेल्या घरी नेवऱ्या, पेराद आणि दोदोल द्या; एकादशीच्या घरी फक्त पेराद, कारण नेवऱ्यांत रवा-मैदा आणि दोदोलात तांदूळ असतो; आणि देताना तोंडाने सांगा: "काकू, यात अंडं नाही हां." लहान मुलं असलेल्या घरी केकमध्ये रम आहे हेही सांगायचं.

घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर अनेक कुटुंबांत फराळ करत नाहीत. तुमच्या आळीत असं घर असेल तर पहिलं ताट तिथे पाठवा, आणि ताट परत मागायला जाऊ नका.

## टप्पा १०: आवराआवर

२६ तारखेला गोठा मोडू नका, राजे अजून वाटेत असतात. ६ जानेवारीनंतर, किंवा तुमच्या चर्चमध्ये राजांचा सण रविवारी होत असेल तर त्यानंतर काढा. गवत तोपर्यंत पिवळं पडतं. २८-२९ ला मुळासकट काढून कुंडीत टाका आणि त्या जागी पेंढा पसरा.

मूर्ती एकेक वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, बाळ येशूची पुडी वेगळ्या छोट्या डब्यात, नाहीतर कागदाबरोबर फेकली जाते. दिव्यांची माळ ठेवण्याआधी एकदा लावून बघा. बंद पडलेली माळ तेव्हाच टाकून द्या. डब्यात ठेवली तर पुढच्या डिसेंबरात पहिल्यांदा तीच हाताला लागते.